आधी हवा, मग रंग

मंगळवार, रात्री उशिरा

एअरब्रश, म्हणजे हवेच्या जोरावर रंग फवारणारं पेनासारखं साधन, शिकायला लागून आज अकरावा दिवस. चित्र एकही नाही. ठिपके, रेघा, पुन्हा ठिपके, आणि टेबलाखाली रद्दीचा ढीग.

ड्युअल ॲक्शन एअरब्रशचा ट्रिगर खाली दाबला की हवा येते, मागे ओढला की रंगाची वाट अडवणारी आतली सुई मागे सरते आणि रंग येतो. समजायला दोन मिनिटं लागली. पण तर्जनीला जन्मभर दाबणं तेवढं ठाऊक: बेल, माउस, मोबाइल. दाबून धर आणि त्याच वेळी केसभर मागे सरक, म्हटल्यावर ती गांगरते. मागे ओढायला गेले की दाब सुटायचा, दाब सांभाळला तर एकदम सगळा रंग बाहेर. शेवटी मागच्या दांड्यावरचा स्क्रू आवळून सुई किती मागे येईल त्यालाच आळा घातला. ही फसवणूक आहे असं आधी वाटलं होतं. आता वाटत नाही.

आजची खरी गोष्ट वेगळीच. रेघ सुरू करताना जो थेंब फटकन उडतो, त्यासाठी मी आठवडाभर सुरुवातीलाच दोष देत होते. आधी हवा, मग रंग, हे घोकूनही थेंब उडतच होता. आज सावकाश बघितलं, तर तो थेंब आधीच्या रेघेचा निघाला! रेघ संपली की मी बोट सरळ उचलून घ्यायचे. त्यामुळे हवा तुटायची आणि टोकाशी थोडा रंग अडकून राहायचा. पुढच्या वेळी ट्रिगर दाबला की तोच बाहेर. आता रेघ संपताना ट्रिगर आधी पुढे नेते, रंग थांबतो, हवा चालूच राहते, आणि मग बोट उचलते. ओळीने नऊ रेघा थेंबाशिवाय गेल्या. दहावीला हुरळले आणि पुन्हा तेच.

हाताचंही तसंच. रंग सुटायच्या आधी हात हलायला लागला पाहिजे, रंग थांबल्यावरही थोडा पुढे जायला हवा. नाहीतर रेघेच्या दोन्ही टोकांना गाठी येतात. पहिल्या दिवसांतल्या माझ्या सगळ्या रेघा अशाच, व्यायामाच्या डंबेलसारख्या.

बारीक रेघेसाठी कागदाजवळ जावं लागतं, आणि जवळ गेलं की रंगाला कोळ्यासारखे पाय फुटतात. तिथे बोट निर्दोष होतं. ३० पीएसआयवर (हवेच्या दाबाचं माप), पाण्यासारख्या पातळ रंगाने, कागदापासून सेंटिमीटरभरावर मी फवारत होते. हवेने ओला रंग चहूकडे ढकलला जाणारच. दाब १५ वर आणला, रंग दुधाइतपत ठेवला, ट्रिगर जेमतेम मागे. पाय गेले. मग रंग सुईच्या टोकावर वाळायला लागला, कारण ॲक्रिलिक, चटकन वाळणारा रंग. दर काही मिनिटांनी ओल्या कापसाने टोक पुसणं आलं. एक दुरुस्त करावं तर दुसरं उपटतं.

शनिवारचं लिहायचं राहिलं होतं. एअरब्रश धुऊन झाल्यावर सुई परत घालताना हात घाईत होता, टोक कडेला आपटलं. डोळ्यांना काही दिसेना, पण नखावरून ओढली तर खरखर लागली. त्यानंतर फवारा डावीकडे झुकायला लागला. ०.३ मिलिमीटरच्या नोझलपुढे, म्हणजे रंग बाहेर पडायच्या तोंडापुढे, एवढंसं वाकणंही पुरतं. बारीक पॉलिशपेपरवर आडवी धरून, फिरवत, हलक्या हाताने ओढली तेव्हा बरीचशी सुधारली. नवी मागवली आहे. (मास्क लावूनच फवारते. पहिल्या दिवशी लावला नव्हता, तेव्हा नाकातून निळं आलं.)

झोपण्याआधी एक शेवटचा कागद घेतला. पेन्सिलच्या चौकटी, प्रत्येकीच्या मध्ये एकेक ठिपका, सगळे एकाच मापाचे हवेत. तेविसावा अगदी मनासारखा आला. चोविसाव्याला नुसती हवा, रंगाचा कप रिकामा.

एअरब्रश धुतला. सुई पुसली, बसवली, अगदी हळू.