बॉनेटखाली काकांची अँबॅसिडर

इंग्लंडात, ऑक्सफर्डजवळच्या आमच्या गल्लीत परवा एका गाडीच्या काचेला हाताने लिहिलेला कागद लावलेला दिसला: विकणे आहे. एमजीबी रोडस्टर, १९६६ची, ओल्ड इंग्लिश व्हाइट. एमजी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर हलोलची हेक्टर येणार. नाव तेच, पण ही दोन सीटची, कापडी टपाची गाडी इथून दहा मिनिटांवर, अॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० बनत होती. कारखाना बंद पडून जमाना झाला.

मालक ऐंशी पार केलेले. मी नुसता रेंगाळलो, तर बाहेर येऊन त्यांनी आधी गाडीचे दोषच सांगायला घेतले. डाव्या दाराखालचा पत्रा दोनदा वेल्ड केलाय. पावसात टपातून बरोबर ड्रायव्हरच्या गुडघ्यावर गळतं. मग हातात लोहचुंबक दिलं. म्हणाले, "फिरवून बघा, पत्र्याऐवजी कुठे लांबी, म्हणजे पुटी, भरलीय ते कळेल." एका जागी चुंबक खरंच चिकटलं नाही, तर माणूस खूश! आपल्याकडे ‘सिंगल हँड, डॉक्टरांची गाडी’ ऐकत वाढलेला मी, मला हे पचायला वेळ लागला.

बॉनेट उघडलं आणि मी थेट वाईच्या स्टँडवर. तेच इंजिन! म्हणजे अगदी तेच नाही. हिचं १७९८ सीसी, काकांच्या अँबॅसिडरचं १४८९. पण दोन्ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) बी-सिरीज घराण्यातली. अँबॅसिडर म्हणजे इथल्याच काउलीच्या कारखान्यातली मॉरिस ऑक्सफर्ड, त्यामुळे हे भाऊबंदकीचं नातं आहे. मालक आजोबांनी कार्ब्युरेटरचं काळं टोपण फिरवून दांडी वर काढली, पुसली, आत थेंबभर पातळ तेल सोडलं. काकाही पसरणी घाट चढायच्या आधी हेच करायचे, फक्त तेल शिलाई मशीनचं असायचं.

आता ‘अपग्रेड’ ऐका. मूळच्या गिअरबॉक्सला पहिल्या गिअरला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर अलगद बसवणारी यंत्रणा) नव्हता, गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकला की करकर. तो गिअरबॉक्स काढून फोर्ड सिएरा गाडीचा पाच गिअरचा बसवला. त्यामुळे ताशी ७० मैलांना आधी जवळपास चार हजार आरपीएमवर किंचाळणारं इंजिन आता बत्तीसशेवर गुणगुणतं. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर, पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, सीटमागच्या दोन सहा-व्होल्टच्या बॅटऱ्यांऐवजी एक बारा-व्होल्टची. अनलेडेड पेट्रोलसाठी हेडमध्ये कडक व्हॉल्व्ह सीट, इथेनॉलसाठी नव्या रबरी नळ्या.

एका कंपनीच्या गाडीत दुसऱ्या कंपनीचा गिअरबॉक्स! आमच्या काकांनी अँबॅसिडरला मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवलं तो जुगाड, आणि हे अपग्रेड? ऑफिसात एकाने वायरने बांधलेल्या कशाला तरी हसत हसत ‘जुगाड’ म्हटलं होतं, ते मला अजून बोचतं. इंजिन फाउंडेशन कापून, स्वतः पट्ट्या मारून, वाईच्या मिस्त्रीने चार दिवसांत गाडी उभी केली होती. तयार किट नाही, माहितीपुस्तिका नाही. काकांना त्या गाडीवर घर चालवायचं होतं, या आजोबांना रविवारी फिरायचंय. पोटासाठी केलेल्या बदलाची हौसेच्या बदलाशी तुलना करू नये, हे कळतं मला. तरी करतो.

खरं सांगायचं तर डिझेल बसवल्यावर थरथरीने डॅशबोर्डावरचा गणपती दर पाच मिनिटांनी आमच्याकडे पाठ करायचा. आणि आरसीवर पुढची दोन वर्षं पेट्रोलच होतं.

आजोबांकडे मात्र फाइल होती. पाच किलोची असेल. प्रत्येक नट-बोल्टाची पावती, तारीख, मैल. चाळीस वर्षांपुढच्या गाडीला इथे रोड टॅक्स शून्य, मोठे फेरफार नसतील तर वार्षिक तपासणीतूनही सूट. तरी हे दरवर्षी स्वतःहून तपासणी करून घेतात. आपल्याकडे २०२१च्या नियमाने पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज गाड्यांसाठीचा ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, पण रोज फिरवायची नाही, रॅली-प्रदर्शनापुरती. इथे आजोबा हीच गाडी घेऊन दूध आणायला जातात.

किंमत साडेबारा हजार पौंड. रुपयांत गुणाकार करायची खोड अजून जात नाही. शिवाय आम्ही चौघं, सीट दोन. गॅरेजही नाही. म्हणजे घ्यायचा प्रश्नच नव्हता, मी फक्त तीन वेळा बघायला गेलो.

तिसऱ्या वेळी काकांना व्हिडिओ कॉल लावला. बॉनेटवर कॅमेरा धरला. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "आरं, टॅपेटचा आवाज ऐकव की." ऐकवला. "बरोबर हाय. जुना गिअरबॉक्स कुठं टाकला त्यानं?"

मी विचारलं. आजोबांनी शेडमध्ये नेलं. तेल लावून, चादरीत गुंडाळून ठेवलेला गिअरबॉक्स, शेजारी डायनॅमो, दोन्हीला चिठ्ठ्या बांधलेल्या. गाडीबरोबर घेणाऱ्याला फुकट.

"आणि काका, आपलं ते पेट्रोल इंजिन?"

"परड्यात होतं की पोत्याखाली. तुझ्या फीच्या वर्षी भंगारवाल्यानं नेलं. किलोवर."