दुसरा सब आला आणि बेस कमी झाला

तर मंडळी, अपडेट. मागच्या वेळी सांगितलं होतं की एका सबवर (सबवूफर, फक्त खालचा बेस वाजवणारा स्पीकर) भागत नाहीये. दुसरा आणला, सेम मॉडेल, सेकंडहँड, १० इंची सील्ड. सेमच पाहिजे होता कारण वेगळं मॉडेल घेतलं की दोघांची फेज (लहरींचा ताल) वेगळी वागणार आणि मग जुळवत बसा. घरी रिअॅक्शन अपेक्षेप्रमाणे, बायको म्हणाली "अजून एक डबा?" आणि आईने संध्याकाळपर्यंत त्यावर टेबलक्लॉथ टाकून चहाचा ट्रे ठेवला होता.

खोली १४ बाय ११ फूट, चारही बाजूंनी विटांच्या भिंती, खाली टाइल्स. हे मुद्दाम लिहितोय कारण यूट्यूबवरचे अमेरिकन लोक त्यांच्या लाकडी सांगाड्याच्या, जिप्सम बोर्डाच्या खोल्यांबद्दल बोलतात, त्या भिंती थोडाफार बेस खाऊन टाकतात. आपली वीट काही खात नाही, सगळं परत पाठवते. १४ फुटांचा पहिला मोड (भिंतींमधल्या अंतरामुळे खोली ज्या सुरावर घुमते तो) ४० हर्ट्झला पडतो, ११ फुटांचा ५१ ला, आणि माझा सोफा मागच्या भिंतीला टेकवलेला, म्हणजे ४० चा फुगवटा जिथे सगळ्यात जास्त तिथेच मी बसलेलो. यूमिक-१ हा मोजणीचा माईक लावून आरईडब्ल्यू या मोजणीच्या सॉफ्टवेअरमध्ये पाहिलं तर कोपऱ्यात ठेवलेल्या एका सबने ४० ला ११ डीबीचा डोंगर आणि लगेच पुढे ५० च्या आसपास खड्डा. बेस गिटारची सगळ्यात खालची उघडी तार ४१ हर्ट्झची, ती वाजली की खोली भरून जायची आणि तीन-चार पडदे वर गेलं की वादक चहा प्यायला गेल्यासारखा. सब क्रॉल पण केला, सब सोफ्यावर ठेवून स्वतः जमिनीवर रांगत कान लावून फिरलो, पण जी जागा चांगली वाजत होती ती नेमकी दारात. (शेजारचे काका तेव्हाच वर्गणी मागायला आले, असो.)

दुसऱ्या सबची आयडिया हार्मन या ऑडिओ कंपनीतल्या टॉड वेल्टीच्या कामातली. त्याने २००२ मध्येच एईएसमध्ये (ऑडिओ इंजिनिअर्सची संस्था) दाखवलं होतं की आयताकृती खोलीत समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन सब ठेवले तर बरंचसं काम होतं, चारच्या पुढे जाऊन फार काही हाती लागत नाही. म्हणून एक पुढे दोन स्पीकरच्या मधोमध, त्यासाठी रॅक डावीकडे ढकलला, आणि दुसरा बरोबर समोर सोफ्याच्या मागे. सोफा भिंतीपासून दोन फूट पुढे आला, घरात अजून त्यावर चर्चा चालू आहे.

जोडणी अशी की अँपच्या मागे प्री-आऊट आणि मेन-इन आहे (म्हणजे सिग्नल मध्येच बाहेर काढून परत आत देता येतो), मधला यू आकाराचा जंपर काढला आणि तिथे मिनीडीएसपी २x४ एचडी हा डिजिटल प्रोसेसर बसवला, दोन आऊटपुट परत अँपला आणि दोन सबला. याचा खरा फायदा म्हणजे मेन स्पीकरना हाय-पास मिळतो, म्हणजे खालचा बेस त्यांच्याकडे जातच नाही. नुसतं सब-आऊटवर सब लावला की बऱ्याच टू-चॅनल अँपमध्ये मेनला फुल रेंजच जात राहते आणि बिचारा सव्वापाच इंची वूफर ३० हर्ट्झसाठी छाती पिटत बसतो. मी ८० ला कापलं, २४ डीबी स्लोपने, सबच्या मागचा क्रॉसओव्हर नॉब (सबने कुठपर्यंत वाजायचं ते ठरवणारा) फुल करून ठेवला, नाहीतर दोन फिल्टर एकावर एक बसतात. सिग्नल डिजिटल केला म्हणून अॅनालॉगवाले नाराज होतील, होऊ देत.

पहिल्यांदा चालू केलं आणि हम्म्म्म. मागच्या सबला जवळच्या दुसऱ्या बोर्डावरून लाइन दिली होती, ग्राउंड लूप झाला (दोन वेगळ्या अर्थिंगमुळे येणारी घरघर). पुण्याच्या तापकीर गल्लीतून, इलेक्ट्रिकच्या बाजारातून, लांब एक्स्टेंशन आणलं, सगळं एकाच बोर्डावर घेतलं, हम गायब. अर्थिंगची पिन तोडा असं सांगणारे भेटतील, प्लीज तोडू नका.

मग मी हुशारी केली. पुढचा सब कानापासून ११ फूट, मागचा जेमतेम २, म्हटलं फरक ९ फुटांचा म्हणजे ८ मिलिसेकंद, मागच्याला तेवढा डिले (उशीर) देऊ, दोघांचा आवाज एकत्र पोचेल. मोजलं तर ४० चा डोंगर होता तसाच उभा! रात्री दीड वाजेपर्यंत केबल उलटसुलट करत होतो. मग ट्यूब पेटली की ४० चा मोड मरतो तो दोन टोकांनी एकाच वेळी ढकललं तरच, आणि ४० हर्ट्झला ८ मिलिसेकंद म्हणजे जवळजवळ ११५ अंश, कसला मरतोय. दोन्ही सबमधला डिले शून्य केला, मागच्याची लेव्हल २ डीबी खाली, आणि डिले दिला तो मेन स्पीकरना, क्रॉसओव्हरवर बेरीज चांगली होईपर्यंत.

आता ४० ला फक्त ३ डीबी जास्त. म्हणजे सब वाढवला आणि तिथला आवाज कमी झाला, कोणाला सांगितलं तर वेड्यात काढतील. ५० चा खड्डा पण बराच भरला. ७९ ला एक फुगवटा उरलाय, लांबीचा दुसरा मोड, तो ईक्यूने (इक्वलायझरने) ५ डीबी छाटला. खड्डे ईक्यूने भरायच्या भानगडीत पडलो नाही, अँप दमतो आणि खड्डा तसाच राहतो.

ऐकायला सगळ्यात मोठा फरक डग्ग्यात आणि पखवाजात. आधी डग्ग्याची मींड खाली आली की मध्येच एक सूर फुगायचा, आता घसरगुंडी सलग येते. पखवाजाच्या डाव्या तोंडाची कणकेची ओली थाप वाजून लगेच थांबते, रेंगाळत नाही. आई दोन अभंग ऐकून म्हणाली मागचा डबा बंद आहे वाटतं.

बाकी काम: ६२ च्या आसपास शोकेसची काच थरथरते, फेल्ट लावून पाहिलं, थोडं कमी झालं. दुसरा आवाज कुठून येतो ते दोन दिवस सापडत नव्हतं, काल कळलं, देव्हाऱ्यातली घंटा. तिला कुठे हलवायचं याची परवानगी अजून मिळालेली नाही.