दाह गावात, बुखारीपाशी (खोली तापवायची शेगडी)

आज लेहहून सिंधूच्या काठाकाठाने खाली दाहला आलो. खाल्त्सीपर्यंत रस्ता ठीक, पुढे एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला खाली नदी, कडेला बर्फ धरलेली. स्कुर्बुचन, अचिनाथांग, हनु थांग. डोकं नुसतं काचेला टेकवून बसले होते.

इथे ब्रोकपा लोक राहतात. पर्यटनवाल्यांनी याला 'आर्यन व्हॅली' करून टाकलंय, त्यावर न बोललेलंच बरं. भाषा त्यांची ब्रोक्सकात, लडाखीहून वेगळी, आपल्याच इंडो-आर्यन कुळातली. तरी मला एक अक्षर कळेल तर शपथ! घरातल्या आजींच्या नातीने हिंदीत सांगितलं तेवढंच.

पाणी मागितलं तर नातीने बादली दाखवली. पाइप गोठलेत, झऱ्यावरून आणायचं. मी मुंबईत गिझर गरम व्हायला दहा मिनिटं लागली तर कुरकुरते.

आजींच्या टोपीवर नारिंगी फुलं होती, वाळलेली, पण रंग तसाच. चहा कोरा. जुनी माणसं गाईचं दूधही घेत नाहीत आणि मांसही खात नाहीत, म्हणाली नात. ती स्वतः मात्र लेहला शिकायला असते, तिथे सगळं चालतं. आजींनी हे ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मग त्यांनी वाळवलेले जर्दाळू पुढे ठेवले. मी खाऊन बिया बाजूला सारल्या, तर आजींनी त्या उचलल्या, दगडाने फोडल्या आणि आतला गर माझ्या तळहातावर ठेवला. बदामासारखा, किंचित कडू.

नेटवर्क येतंय-जातंय. फोटो लेहला पोचल्यावर.