ग्रीनलंडवरून कशाला?

विमानात समोरच्या पडद्यावर सिनेमा सोडून नकाशा लावून बसणारे काही लोक असतात. त्यातलाच मी एक. इवलंसं विमान, मागे शेपटासारखी रेघ आणि कोपऱ्यात उतरत जाणारा किलोमीटरचा आकडा. बाकी करमणूक मला लागत नाही.

लंडन ते न्यूयॉर्क अंतर साधारण ५,५०० किलोमीटर. पण तिकिटावर जायला आठ तास आणि यायला सात! शेजारच्या काकांना विचारलं, तर त्यांनी ठणकावून सांगितलं, "पृथ्वी फिरते ना, म्हणून." मला लगेच पटलं. मग वाटलं, पृथ्वी फिरते पश्चिमेकडून पूर्वेकडे. म्हणजे पश्चिमेला जाणाऱ्याकडे न्यूयॉर्कनं स्वतःहून चालत यायला हवं. इथे तर उलटंच! शिवाय हवाही पृथ्वीसोबतच फिरते, तेव्हा तो हिशेबच बाद. खरी करामत जेट प्रवाहाची. विमानं उडतात त्या १०-११ किलोमीटर उंचीवर पूर्वेकडे वाहणारा हा वारा हिवाळ्यात ताशी २०० किलोमीटरच्याही वर जातो. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळाच्या दिवसांत एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोचलं होतं. काकांना हे सांगायचं राहिलं. ते झोपले होते.

दुसरं कोडं कमानीचं. लंडनहून लॉस एंजलिसला निघालेलं विमान पडद्यावर सरळ वर, ग्रीनलंडच्या दिशेनं चढायला लागलं, की वाटतं वैमानिक वाट चुकला. घरी येऊन मी पृथ्वीगोल काढला आणि दोन्ही शहरांवर बोटं ठेवून शिवणकामाचा दोरा ताणला. सैल होता तोवर तो अटलांटिकवर लोंबत होता. ताणला तसा सरकत सरकत ग्रीनलंडवर जाऊन बसला. चूक सपाट नकाशाची होती, वैमानिक बिचारा सरळच चालला होता.

याच दोऱ्यानं आणखी एक कळलं. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर, म्हणजे कुठलीही दोन शहरं २०,००० पेक्षा लांब असूच शकत नाहीत. तेवढाच दिलासा.

पण दोरा सगळं सांगत नाही. हेलसिंकी आणि टोकियो आहेत तिथेच आहेत. २०२२ मध्ये वाटेतलं रशियाचं आकाश युरोपीय विमानांना बंद झालं आणि साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांच्या घरात गेला. आता अंतर वाढलं म्हणायचं की नाही?

परवा उतरलो तेव्हा पडद्यावर 'उरलेलं अंतर: ०' असं झळकलं. आम्ही सगळे पट्टे सोडून, बॅगा काढून, वरच्या कप्प्याखाली मान वाकडी करून उभे. शिडी यायला पंचवीस मिनिटं लागली.