कानाच्या मशीनचं मेंटेनन्स

नाशिकमधल्या सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रेस शॉपमध्ये मी मेंटेनन्स फिटर होतो. पत्र्याच्या कॉइलमधून दिवसभर तुकडे पाडणारे पॉवर प्रेस. त्यांचा ठोका थेट छातीत बसायचा. कायद्यात आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा होती. कानात घालायचे प्लग कंपनी द्यायची, पण ते बहुतेकांच्या खिशात राहायचे. फिटरचं अर्धं निदान कानावरच चालतं. बेअरिंग गेलंय की क्लच घासतोय हे आवाजावरून कळतं, तिथे प्लग कोण घालणार? गोंगाटाने येणारा बहिरेपणा तेव्हाच्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत आजार म्हणून नोंदलेला होता, हे मात्र मला निवृत्तीनंतर दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेल्या एकाकडून कळलं.

ऐकू कमी येणं म्हणजे आवाज बारीक होणं, अशी लोकांची समजूत असते. माझं तसं नव्हतं. आवाज यायचा, शब्द कळायचा नाही. ट्रकचा हॉर्न, आपटलेलं दार, खालच्या मजल्यावरचं भांडण, सगळं खणखणीत. पण सूनबाईने स्वयंपाकघरातून "आबा, ताक देऊ का?" विचारलं की मी घड्याळाकडे बघून म्हणायचो, "सात वाजले." सुरुवातीला घरात हसू व्हायचं. मग हसणं आटलं आणि सगळे एकच वाक्य बोलू लागले: "जाऊ द्या, काही नाही." बायकोही "अहो" म्हणून हाक मारायची, मी "काय?" म्हटलं की हात झटकून निघून जायची. ते हात झटकणं मनाला लागलं, म्हणून उठलो.

आधी एका दुकानात गेलो होतो. तिथल्या पोराने कान बघायच्या आधी बजेट विचारलं. रस्त्याला लागून खोली, वर एसी घरघरतोय, खाली रिक्षांचे हॉर्न, आणि तिथेच पाच मिनिटांत तपासणी उरकून तो पोरगा मॉडेल दाखवायला लागला. मी उठून आलो. गेज खराब असेल तर माप काय कामाचं?

मग गंगापूर रोडवर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पहिल्यांदा मळ काढला, पडदा शाबूत आहे का बघितलं आणि मगच ऑडिओग्रामची, म्हणजे किती ऐकू येतं ते मोजणाऱ्या तपासणीची, चिठ्ठी दिली. हा क्रम महत्त्वाचा. मळाचा बोळा बसला असेल तर तपासणीही चुकते आणि कधी कधी मशीनची गरजच उरत नाही. तपासणी बंद केबिनमध्ये झाली. कानावर हेडफोन, हातात बटण, आवाज आला की दाबायचं. नंतर कानामागच्या हाडावर एक छोटा ठोकळा बसवून पुन्हा तेच. त्यावरून कळतं की बिघाड पडद्याच्या बाजूला आहे की आतल्या नसेकडे.

ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी कागद समोर ठेवला. आडव्या रेषेवर २५० पासून ८००० हर्ट्झ, उभ्या रेषेवर वरून खाली डेसिबल. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. माझी रेघ १००० पर्यंत बरी चालली होती, पुढे घसरत ४००० ला खड्ड्यात. गोंगाटात काम केलेल्यांचा खड्डा बहुतेक याच भागात पडतो. "काका, अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीत असतात, ते तुम्हाला मिळतात. स, श, ख, थ, फ हे वरच्या पट्टीत आणि मुळातच हलके. ते गळतात." ताकाचे सात कसे झाले ते तिथे कळलं. आतल्या कानातल्या ज्या बारीक केसपेशी मेल्या त्या परत येत नाहीत, त्यामुळे औषध नाही, ऑपरेशनही नाही. राहिलं मशीन.

सरकारी दाखल्याचंही विचारून घेतलं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात बोलण्याच्या पट्टीत दोन्ही कानांना ६० डेसिबल किंवा जास्त तूट असेल तर नोंद होते; माझी सरासरी तिथपर्यंत जात नाही. ज्यांची जाते त्यांनी दाखल्याची चौकशी जरूर करावी, केंद्राच्या एडिप योजनेतून मशीन मिळू शकतं. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांसाठी राष्ट्रीय वयोश्री योजनेतही श्रवणयंत्र येतं. माझं सगळं खिशातूनच. विमा पॉलिसीत बसत नव्हतं. बरं इतकंच की श्रवणयंत्रावर जीएसटी नाही.

घेतलं ते कानामागे बसणारं. बारीक तार पुढे येते आणि तिच्या टोकाचा रिसीव्हर, म्हणजे इवलासा स्पीकर, कानाच्या नळीत जातो. टोकाला रबरी डोम, म्हणजे मऊ टोपी, त्याला भोकं. माझे खालचे सूर शाबूत आहेत, ते या भोकांतून आपले आपण आत जातात आणि स्वतःचा आवाज पिंपात बोलल्यासारखा येत नाही. एका कानाचं घ्या, निम्म्यात काम होईल, असं भावाने सुचवलं होतं. पण हाक कुठून आली हे मेंदू दोन्ही कानांचा हिशेब जुळवून ठरवतो, आणि द्वारका चौकात रस्ता ओलांडणाऱ्याला ते कळलेलं बरं. म्हणून जोडी. चार्जिंगवालं असतं, मी सेलवालं घेतलं, कारण दिंडोरीकडे गावी गेलो की वीज कधी जाईल याचा भरवसा नाही.

पहिले दिवस कठीण गेले, हे स्पष्ट सांगतो. वर्तमानपत्राचं पान उलटलं की करकर, प्लास्टिकची पिशवी म्हणजे फटाके, नळ म्हणजे सोमेश्वरचा धबधबा. पंखा एवढा आवाज करतो हे मला माहीतच नव्हतं. मॅडमनी मुद्दाम आवाज कमी ठेवून दिला होता आणि सांगितलं होतं की आधी घरात, थोडे तास, एका माणसाशी बोलताना लावायचं. "कानाला आज मिळालं, मेंदूला सवय व्हायला आठवडे लागतील." रोज सकाळी पेपर मोठ्याने वाचायचो. शब्द डोळ्यांना दिसतोय आणि तोच कानात येतोय, त्याने स आणि श हळूहळू जागेवर आले. टीव्ही सगळ्यात शेवटी. मालिकांतली माणसं पार्श्वसंगीतावर बोलतात, त्यात चांगल्या कानाचेही हाल.

मला सगळ्यात उपयोग झाला तो जुन्या सवयीचा. कारखान्यात ब्रेकडाउन रजिस्टर असायचं: कोणतं मशीन, कधी, काय आवाज, काय केलं. तशी वही कानासाठी केली. "बरं वाटत नाही" म्हणून मॅडमकडे गेलो असतो तर त्यांनी अंदाजाने काहीतरी हलवलं असतं. वहीत लिहिलं होतं, "पोळी भाजताना चिमटा तव्याला लागतो तेव्हा टोचतं. नातवाचं बोलणं समोरून कळतं, गाडीत मागून नाही. उजवीकडे उशीवर टेकलो की शिट्टी." मॅडमनी कॉम्प्युटरला जोडून चिमट्यासारखे अचानक येणारे टोकदार आवाज तेवढे दाबले, बाकीचं वाढवलं. उशीवरच्या शिट्टीला इलाज नाही, कारण माईकवर हात किंवा उशी आली की बाहेर पडलेला आवाज पुन्हा आत जातो. पण एरवीही शिट्टी वाजायला लागली तर डोम सैल आहे किंवा कानात मळ साठलाय असं समजायचं. घेताना मी किमतीपेक्षा हे विचारायला सांगेन की नंतर किती वेळा बसून ट्यून करून देणार, आणि करणारा माणूस भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेला ऑडिओलॉजिस्ट आहे का. डबा सगळेच विकतात.

आता मेंटेनन्स. रात्री जेवणं झाली की मी टेबलावर पांढरा टॉवेल पसरतो. पांढराच, कारण यातला कोणताही भाग खाली पडला की फरशीच्या नक्षीत दिसेनासा होतो. आधी कोरड्या मऊ कापडाने पुसायचं. पाणी नाही, सॅनिटायझर नाही. मग डोमचं तोंड खाली धरून ब्रशने झाडायचं. तोंड वर ठेवलं तर निघालेला मळ परत आत जातो. डोमच्या आत, रिसीव्हरच्या टोकाला, मोहरीहून लहान पांढरी जाळी असते, तिला वॅक्स गार्ड म्हणतात. ती बदलायला दोन टोकांची काडी मिळते. रिकामं टोक जुन्या जाळीत खुपसून सरळ ओढायचं, काडी फिरवायची, दुसऱ्या टोकावरची नवी जाळी दाबून बसवायची. पत्र्याचे तुकडे उचलून जाड झालेल्या माझ्या बोटांना हे सुरुवातीला जमेना, सूनबाई म्हणाली, "आबा, कोपर टेबलावर टेका." टेकल्यावर हात थरथरायचा थांबला. एका संध्याकाळी उजवं मशीन एकदम मुकं झालं. सेल बदलला, तरी मुकं. जाळी बदलली आणि बोलायला लागलं. म्हणून क्रम ठरवलाय: आधी सेल, मग डोम, मग जाळी, मग माईकची भोकं. एवढ्यानंतरही बंद असेल तरच दुरुस्तीला.

सेल माझ्या मशीनला ३१२ नंबरचा, तपकिरी स्टिकरचा. हा झिंक-एअर, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनवर चालतो. स्टिकर काढला की लगेच घालायचा नाही, मिनिटभर उघडा ठेवायचा, हवा आत गेली की पूर्ण जोर येतो. आणि स्टिकर काढल्यावर तो संपायला लागलाच, परत चिकटवून उपयोग नाही. निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत माझे सेल लवकर बसतात. थंडी आणि कोरडी हवा दोन्ही त्याला मानवत नाही. सेल बटणाएवढे असतात, लहान पोरं तोंडात घालतात. नातवाच्या हाताला लागणार नाहीत अशा उंचीवर डबी ठेवली आहे. कुणी गिळलाच तर वाट बघत बसायचं नाही, थेट दवाखाना.

पावसाळ्यात खरी परीक्षा. नाशिकचा पाऊस आठवडा आठवडा उघडत नाही आणि ओल मशीनच्या आत जाऊन बसते. झाकणाच्या डबीत सिलिका जेलचे मणी, त्यात मशीन रात्रभर. त्याआधी सेल काढून बाहेर ठेवायचा, नाहीतर मणी त्यातलीही ओल खेचतात. सेलचं दार उघडंच. मण्यांचा रंग बदलला की ते थकले, नवे घालायचे. उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवायचं कुणाच्या डोक्यात आलं तर त्याला आवरा, आतली जुळणी जाते. आंघोळ, तेल, दाढी, बायकोचा केसांना रंग लावण्याचा कार्यक्रम हे सगळं आधी, मशीन शेवटी. हेल्मेट घालताना मी ते काढून डबीत टाकतो. हेल्मेट ओढताना तार अडकून मशीन रस्त्यावर पडल्याचे किस्से श्रवणयंत्राच्या केंद्रावर ऐकलेत.

आणि ढोल. नाशिकच्या माणसाला हे सांगायलाच हवं. मिरवणुकीत पथक दहा पावलांवर आलं की मशीन बंद करून कानात तसंच ठेवलं तरी चालेल असं वाटतं. चालत नाही. भोकांच्या डोममधून आवाज सरळ आत जातो. मी मशीन काढून डबीत ठेवतो आणि फोमचे प्लग घालतो. नोकरीत खिशात राहिलेले प्लग आता कानात जातात, पोरं हसतात, हसू द्या. रंगपंचमीला तर मशीन घरातच. रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात, उडी मारायचं वय गेलं, पण काठावर उभं राहिलं तरी रंगाचं पाणी येतंच.

गोदाघाटावरच्या वसंत व्याख्यानमालेला मे महिन्यात जाऊन आलो. मागच्या रांगेत निम्मंच कळलं. मशीनला जवळचा आवाज नीट पकडता येतो, लांबून येताना तो गर्दीत मिसळतो. पुढच्या रांगेत, पण स्पीकरच्या खोक्यापासून बाजूला बसलो तेव्हा वक्त्याचे विनोदही कळले, आणि त्यातला एक अगदीच पांचट होता. इतरांसोबत हसलो.

अशोक स्तंभावर चहाला भेटणारा जुना सहकारी परवा विचारत होता, "काय भो, मला पण घ्यायचंय, तुझ्या दुकानाचा पत्ता दे." त्याच्या कानात मळ किती असेल हे मला त्याच्या बिड्यांच्या काडीवरून माहीत आहे, काडी कानात घालायचं आधी बंद कर म्हटलं. मंगळवारी त्याला डॉक्टरांकडे घेऊन जाणार आहे. वही मी देईन, पेन त्याने आणायचं.