बोल्ट की स्टड?

मोटारीचे चाक हबला, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या फिरत्या भागाला, धरून ठेवण्याच्या दोन रीती आहेत. मारुती, ह्युंदाई, टोयोटा यांच्या गाड्यांत हबमध्ये स्टड, म्हणजे बाहेर आलेले आटेदार दांडे, कायमचे बसवलेले असतात आणि त्यांवर बाहेरून नट आवळायचे असतात. फोक्सवॅगन, स्कोडा, बीएमडब्ल्यू यांच्या गाड्यांत हबला नुसती आटे पाडलेली भोके असतात आणि बोल्ट चाकातून आरपार घालून त्या भोकांत फिरवावे लागतात. गाडी सुरळीत चालते तोवर हा भेद मालकाच्या गावीही नसतो. तो कळतो पंक्चर झाल्यावर, आणि तोही चाक काढताना नव्हे, स्टेपनी चढवताना.

स्विफ्टची स्टेपनी खुंटीला सदरा अडकवावा तशी स्टडवर अडकवली की दोन्ही हात मोकळे होतात आणि नट सावकाश शोधता येतात. चाकणला बनलेल्या फोक्सवॅगन पोलोपाशी ही चैन नाही. तिथे रस्त्यावर बैठक मारून पायाचा चवडा टायरखाली सरकवायचा, त्यावर चाक तोलून धरायचे, रिमच्या भोकातून डोकावून हबचे भोक नेमके समोर आले आहे का ते पाहायचे आणि आले की सगळ्यात वरचा बोल्ट बोटांनीच फिरवायचा. त्याने दोन-चार आटे धरले की चाक त्याच्यावर लोंबकळते आणि आपला जीव भांड्यात पडतो. यावर उपाय अगदी साधा आहे. त्याच आट्यांच्या एका लांब बोल्टचे डोके कापून ती पिन वरच्या भोकात फिरवून ठेवावी, चाक तिच्यावर सरकवावे आणि बाकीचे बोल्ट लागले की ती काढून घ्यावी. अशी पिन काही गाड्यांसोबत मिळते; मग सगळ्यांसोबतच का देत नाहीत, हे कोडे मला उलगडलेले नाही.

मजबुतीत दोन्ही सारखेच. चाक पेलते ते हब आणि रिम यांच्यातल्या घट्ट दाबामुळे, आणि तो दाब आवळण्यातून येतो. पोलोचे बोल्ट आवळण्याचा जोर (टॉर्क) 120 न्यूटन-मीटर आहे, त्यामुळे पान्यावर उभे राहून उड्या मारण्याचे काहीच कारण नाही. बाजारातली अलॉय चाके (मिश्रधातूची) बसवताना मात्र बोल्टवाल्याला जास्त जपावे लागते. रिमची जाडी बदलली की बोल्टची लांबी बदलते. आखूड बोल्ट पुरेसे आटे धरत नाही आणि लांब बोल्ट मागे ब्रेकच्या भागांना लागू शकतो. शिवाय पोलोच्या मूळ बोल्टची बैठक, म्हणजे रिमला टेकणारा भाग, गोलसर असते, तर बाजारातल्या पुष्कळ अलॉयना निमुळती लागते. ही गल्लत झाली की बोल्ट टेकतो जेमतेम कडेवर आणि पुढे ढिला होतो.

बोल्ट खराब झाला तर नवा हातानेच लागतो, हा त्याचा मोठेपणा मान्य आहे. पण हबचेच आटे गेले तर काम वाढते, उलट खराब स्टड मागे ठोकून काढला आणि नवा ओढून बसवला की भागते. म्हणून माझे मत स्टडला. आणि शर्यतीत उतरणारी कितीतरी मंडळी बोल्टच्या गाड्यांना मुद्दाम स्टड बसवून घेतात, कारण चाक झटपट बदलायचे असते.