बँकेच्या एका शिक्क्यानं मेटाकुटीला आणलं

हवामानबदल आणि संवाद या विषयावरचा दोन आठवड्यांचा उन्हाळी अभ्यासक्रम जर्मनीतल्या एका विद्यापीठात करून मी बडोद्याला परतले. निवड झाली, मी शिकवते त्या शाळेनं रजा दिली, तिकीट निघालं; त्यात सांगण्यासारखं काही नाही. बँकेत जो मनस्ताप झाला तो मात्र अजून डोक्यातून जात नाही, म्हणून आधी तेच लिहिते.

व्हिसासाठी गेल्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट लागतं. माझ्या हातातल्या यादीत प्रत्येक पानावर बँकेचा शिक्का आणि सही हवी, असं साफ लिहिलेलं होतं. ॲपमधून काढलेल्या पीडीएफवर भागणार नव्हतं. माझं खातं कॉलेजपासून रावपुऱ्यातल्या शाखेत. ती शाखा मध्यंतरी बंद करून दुसऱ्या शाखेत विलीन केली. नव्या शाखेत गेले, तर काउंटरवरच्या माणसानं मान वर न करता सांगितलं, "बेन, होम ब्रांचमां जाओ." अहो, होम ब्रांचला कुलूप लागलंय, तिथं कुठं जाऊ? त्यांच्या स्क्रीनवर जुनाच कोड दिसत होता, त्यामुळे खातं आपलं आहे हेच ते मानेनात. अलकापुरीच्या शाखेनं तेच ऐकवून परत पाठवलं. पुन्हा नव्या शाखेत आले तेव्हा प्रिंटर बंद, नंतर सहीचे साहेब रजेवर. शेवटी प्रिंट हातात आली, तर शिक्का फक्त पहिल्या पानावर. बाकीच्या पानांचं काय, विचारलं तर म्हणाले, "जरूर नथी." गरज आहे की नाही हे अर्ज तपासणारा ठरवणार, की हे? पैसे माझे, खातं माझं, आणि शिक्क्यासाठी हात जोडायचे! अहमदाबादच्या व्हिसा केंद्राची वेळ मोठ्या मुश्किलीनं मिळाली होती. ती हातची जाणार, या विचारानं रात्री झोप लागत नव्हती.

रांगेत पेन्शनचं काम घेऊन आलेले एक काका हे सगळं ऐकत होते. म्हणाले, "अगं, तोंडी किती बोलशील? अर्ज लिही. दोन प्रती काढ, आणि तुझ्या प्रतीवर आवकचा शिक्का मारून घे." तिथंच बाकावर बसून लिहिला. खाते क्रमांक, जुनी शाखा, नवी शाखा, व्हिसाच्या भेटीची तारीख, आणि नेमकं काय हवं ते: प्रत्येक पानावर शिक्का, सही, अधिकाऱ्याचं नाव आणि हुद्दा. शेवटी हेही लिहिलं की काम न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या २०२१च्या एकात्मिक लोकपाल योजनेत तक्रार करीन. त्या योजनेत आधी बँकेला ३० दिवस द्यावे लागतात, म्हणजे माझ्या तारखेला तिचा थेट उपयोग नव्हता. पण कागद आवकात चढला आणि मॅनेजरांच्या टेबलावर गेला. त्यांनी स्वतः बसून एकेक पान शिक्का मारून दिलं. पॅड सुकलेलं होतं, शेवटच्या पानांवर नुसती निळी कड उमटली. मी तिथल्या तिथं ती पानं पुढं सरकवली, त्यांनी पॅडवर शाई ओतून पुन्हा मारलं. बाहेर आले तेव्हा रडू येईल असं वाटत होतं. त्या काकांचे उपकार मी विसरणार नाही.

म्हणून कळकळीनं सांगते, निवडीचं पत्र येताच बँकेत लेखी अर्ज देऊन ठेवा, पण प्रिंट भेटीच्या आठवड्यातच घ्या. स्टेटमेंट जुनं चालत नाही. शेंगेनचा, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो, आणि निदान १५ दिवस आधी द्यावाच लागतो. निर्णय साधारण १५ दिवसांत होतो, पण ४५ पर्यंतही लांबू शकतो.

हेतूपत्राचं, म्हणजे हा अभ्यासक्रम का करायचा हे सांगणाऱ्या अर्जासोबतच्या पत्राचं, राहिलंच. माझी निवड त्यावरच झाली असं मला वाटतं, आणि त्याचा मला अभिमान आहे. मी त्यात २०२४च्या ऑगस्टमधला आमच्या बडोद्याच्या विश्वामित्री नदीचा पूर लिहिला. काळा घोडा पुलावर पाणी किती फुटांवर आहे, हा आकडा तेव्हा प्रत्येकाच्या फोनवर होता. धोक्याची पातळी २५ फूट, हेही माहीत होतं. पण समा भागात राहणारी माझी विद्यार्थिनी विचारायची, "टीचर, आमच्या ओट्यापर्यंत येईल का?" याचं उत्तर त्या आकड्यात नव्हतं. जागतिक हवामान संघटनेनं २०१५मध्ये नेमक्या याच गोष्टीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या: पाऊस किती पडेल एवढ्यावर थांबू नका, त्यानं काय होईल ते सांगा. अहमदाबादचा उष्णता कृती आराखडाही मी जोडला. २०१०च्या मे महिन्यातल्या लाटेत तिथं १३४४ जादा मृत्यू झाले, त्यानंतर २०१३मध्ये तो आला. जर्मनीतल्या वर्गात या दोन्हींवर भरपूर चर्चा झाली. तेव्हा मोठमोठे शब्द टाळा, आपल्या गल्लीतलं लिहा.

फॉर्मवर प्रवासाचं कारण 'शिक्षण' असंच भरा. मुक्काम ९० दिवसांच्या आत असेल तर व्हिसा सी प्रकारचा. शुल्क ९० युरो, व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. पासपोर्ट परतीनंतर तीन महिने चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला. प्रवेशपत्रात तारखा, भरलेली फी आणि राहण्याची सोय, तिन्ही एकाच कागदावर मागून घ्या; मी मेल करून मागितलं, लगेच दिलं. त्याच मेलमध्ये फीमध्ये सवलत मिळेल का, हेही विचारलं होतं आणि निम्मी फी माफ झाली. शाळेत शिकवणाऱ्यांनी विचारायला अजिबात संकोच करू नये. ज्यांना जाणं जमणार नाही त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या 'सीसी:लर्न'वरचे मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम बघावेत. मी जाण्याआधी तिथूनच तयारी केली.